चौदा महिन्यांची खोटी



कामगार संघटनेच्या माणसाने बोनस आणि करार यांवर बोलावे, रॉकेट आणि उपग्रह यांचा विषय शास्त्रज्ञांवर सोपवावा, असे आपणांपैकी काहींना वाटत असेल. परंतु रॉकेट आकाशात जाण्यापूर्वी कारखान्यात असते. त्याचा प्रत्येक भाग कोणी तरी घडवलेला, कोणी तरी मोजलेला आणि कोणी तरी पास केलेला असतो. पुणे जिल्ह्यातल्या वालचंदनगरला आपल्या रॉकेटांची अजस्र पोलादी कवचे तयार होतात. आमचे शाळेतले शिक्षण बेताचे. पण कारखान्याची भाषा आम्हांस कळते, आणि त्याच भाषेत हा विषय मांडावयाचा आहे.

मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मात्र त्या मनोऱ्यावरून निघालेली लहर सरळ रेषेत जाते. सह्याद्री ओलांडून ती मराठवाड्यात कशी यावी? त्यावर उपाय उपग्रहाचा. विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर ठेवलेला उपग्रह पृथ्वीबरोबरच फिरतो, म्हणून आपल्याला तो एका जागी स्थिर दिसतो. दिल्लीहून वर पाठवलेले चित्र तो एकाच वेळी लातूरला आणि गडचिरोलीला उतरवतो. पण त्या माळ्यावर चढण्याची शिडी एकच, ती म्हणजे रॉकेट. शिडी मोडली की खालचे सारे बेत खोळंबतात.

याचा अनुभव आपल्याला प्रथम परक्या शिडीवर आला. इन्सॅट-१बी हा उपग्रह १९८३ साली अमेरिकेच्या चॅलेंजर यानाने वर नेला, आणि त्याच्या बळावर दूरदर्शन जिल्ह्याजिल्ह्यांत पोचले. पुढचा इन्सॅट-१सी १९८६ साली अशाच यानातून जावयाचा होता. २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर फुटले. सात माणसे गेली. मे महिन्यात युरोपचे एरियान रॉकेटही अपयशी ठरले. आपला उपग्रह अखेर १९८८ च्या जुलैत एरियानवरून गेला, आणि थोड्याच दिवसांत त्याची निम्मी वीज गेली. त्याच्या मागच्या इन्सॅट-१डीवर १९८९ साली उड्डाणाच्या तोंडावर क्रेनचा हूक पडला. तो वर्षभर उशिरा, १९९० च्या जूनमध्ये गेला. दोष परक्यांच्या रॉकेटांत आणि परक्यांच्या क्रेनमध्ये. थांबलो मात्र आपण.

आता आपल्या शिडीची हकीकत. १० जुलै २००६ च्या संध्याकाळी श्रीहरिकोट्याहून जीएसएलव्ही रॉकेट इन्सॅट-४सी घेऊन निघाले. त्या उपग्रहावर केयू बँडचे १२ ट्रान्सपॉन्डर होते. ट्रान्सपॉन्डर म्हणजे खालचा संदेश झेलून परत खाली फेकणारे यंत्र. घरावर लहानशी डिश बसवून थेट चित्र घेण्याची डीटीएच सेवा त्यांच्यावर वाढावयाची होती. शहरात केबल होती. ज्या वाड्यावस्त्यांपर्यंत केबलवाल्याची तार जात नाही, त्यांना डिशवाचून मार्ग नव्हता.

रॉकेटच्या कडेला चार इंजिने असतात. जमीन सुटल्यावर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यातच त्यांपैकी एकाचा जोर गेला. उरलेल्या तिघांनी सुमारे पन्नास सेकंद तोल सावरून धरला. मग रॉकेट कलले, हवेचा मारा सोसवेना, आणि ते उपग्रहासह बंगालच्या उपसागरात गेले. तसाच दुसरा उपग्रह, इन्सॅट-४सीआर, २ सप्टेंबर २००७ रोजी वर गेला. जवळजवळ चौदा महिन्यांची खोटी झाली.

कशामुळे? इंजिनात इंधन बेताने सोडणारा एक रेग्युलेटर असतो. चौकशी समितीने दोन महिन्यांच्या आत निष्कर्ष दिला की, त्या भागाच्या घडणीत अनवधानाने चूक राहिली असावी आणि पुढच्या तपासणीतून व चाचणीतून ती निसटली. रॉकेटची रचना भक्कम आहे. घडण, तपासणी आणि स्वीकृती यांवर नियंत्रण कडक करा, अशी शिफारस झाली. इस्रोने हे सारे लोकांपुढे ठेवले. त्यात कोणा कामगाराचे नाव नव्हते.

फ्रान्सच्या व्हायकिंग इंजिनावरून आपले हे विकास इंजिन घडले. त्या थोरल्या भावाचीही अशीच गोष्ट आहे. २२ फेब्रुवारी १९९० रोजी एरियान रॉकेट पडले आणि त्यासोबत जपानचे दोन उपग्रह गेले. त्यांतला एक दूरदर्शनसाठीच होता. पाण्याच्या नळीत फडक्याचा तुकडा राहिला होता. नळी तुंबली, इंजिनाचा जोर घटला.

फडके कोणी विसरले, हा पहिला प्रश्न सगळ्यांनाच सुचतो. आमच्या मते दुसरा प्रश्न मोलाचा आहे. फडके आत राहिले असता ते कोणालाच दिसू नये, अशी कामाची रीत कोणी घातली? वाळूजच्या एका कारखान्यात माल नापास झाला म्हणून ऑपरेटरला चार्जशीट मिळाली होती. चौकशीत आम्ही मापाचा गेजच मागवला; तो झिजलेला निघाला. त्या माणसाला काढून टाकले असते तर झिजलेला गेज तसाच राहिला असता, आणि पुढच्या पाळीत दुसरा ऑपरेटर अडकला असता.

म्हणून माणसाने निष्काळजी असावे, असे आमचे म्हणणे नाही. पण घाबरलेला माणूस चूक लपवतो, आणि लपलेली चूक उड्डाणाच्या दिवशी बाहेर येते.

या खोटीची किंमत आपल्या दारापर्यंत आलेली आहे. पैठण रस्त्यावर चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यात दूरदर्शन संच बनत. त्या उद्योगाने २००९ साली डीटीएच सेवा काढली. २०१८ साली ती डिश टीव्हीत विलीन झाली. दरम्यान २०१० मध्ये जीएसएलव्ही दोनदा पडले. दुसऱ्या वेळी तारांचे कनेक्टर अवेळी निसटले. त्यानंतर ते ५ जानेवारी २०१४ रोजीच पुन्हा उडाले. २०११ च्या मेमध्ये एरियानने एकाच फेरीत आपला जीसॅट-८ आणि सिंगापूर-तैवानच्या कंपन्यांचा एसटी-२ वर नेला. चितेगाववाल्यांची सेवा त्या एसटी-२ वरून चाले. संच मराठवाड्यातला, पाहणारे मराठवाड्यातले, आणि आकाशातली जागा परक्याची! जेथे शिडी वेळेवर उभी राहत नाही तेथे जागा भाड्याने घ्यावी लागते.

खोटी झाल्याचे दुःख आम्हांस आहेच. पण २००६ सालच्या अपघाताचे कारण शोधले गेले, सांगितले गेले, आणि तेच रॉकेट पुढच्या वर्षी त्याच जातीचा उपग्रह घेऊन उडाले. आपल्या चिकलठाण्यात आणि वाळूजमध्ये अपघात झाला की चौकशी होते, कागद कपाटात जातो आणि एक माणूस घरी जातो. तो कागद कारखान्याच्या फळ्यावर लागावा, त्यावर पाळीतल्या माणसांना बोलता यावे, एवढीच आमची मागणी आहे. हजारो कोटींच्या रॉकेटविद्येला जो नियम मानवला, तो आपल्या प्रेसशॉपला जड जाऊ नये.