विमानाच्या इंजिनाचा श्वास

श्रोतेहो, पऱ्हाटीवर फवारणी सुरू झाली की मारेगावच्या शिवारात पाठीवरच्या पंपाचे लहानसे इंजिन दिवसभर गुणगुणत असते. त्यात पेट्रोल किती गेले याचा हिशेब आपण ठेवतो. पण त्याने हवा किती खाल्ली, हे कोणी विचारत नाही. ऐका तर. एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे 9 हजार लिटर हवा लागते. म्हणजे इंजिनाचे खरे जेवण हवेचे, पेट्रोल हे तोंडी लावणे! ही हवा इंजिनाच्या पोटापर्यंत नेणाऱ्या नळ्यांच्या जुडग्याला मिस्त्री लोक मॅनिफोल्ड म्हणतात. आज या नळ्यांविषयीच बोलू. आणि तेही घरी बांधलेल्या विमानाच्या संदर्भात.

घरी विमान? हसू नका. आपल्याच राज्यातले वैमानिक अमोल यादव यांनी मुंबईत कांदिवलीला राहत्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधले. 2016 च्या फेब्रुवारीत ते मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी पाहिले, 2017 साली त्याची सरकारदरबारी नोंद झाली आणि 2020 साली धुळ्याच्या धावपट्टीवर ते उडाले. त्यांच्या पहिल्या प्रयत्नापासून मोजले तर या कामाला दोन दशके लागली. ही दोन दशके ध्यानात ठेवा. शेवटी त्यांच्याकडे परत यायचे आहे.

घरी विमान बांधणारे जगभर आहेत. विमानाचे तयार इंजिन फार महाग पडते, म्हणून त्यांतले काही जण मोटारीचे इंजिन बसवतात. त्यांतही काहींचा जीव जडला आहे तो फिरत्या, म्हणजे रोटरी इंजिनावर. हे वांकेल नावाच्या जर्मन संशोधकाचे. 1957 साली ते प्रथम चालले, आणि पुढे जपानच्या माझदा कंपनीने ते मोटारींत नावारूपाला आणले. आपल्या फटफटीच्या इंजिनात दट्ट्या खालीवर होतो. यात दट्ट्या नाही. भुईमुगाच्या दोनदाणी शेंगेच्या आकाराचे एक घर कल्पा. त्या घरात फुगीर बाजूंचा एक त्रिकोण गरगर फिरतो. फिरताना तो एका बाजूने हवा ओढतो, दुसऱ्या बाजूने दाबतो, तिसऱ्या बाजूने जळका धूर बाहेर ढकलतो. झडपा नाहीत, हलणारे भाग थोडे, हादरे कमी, वजन बेताचे. म्हणून विमानवाल्याला ते आवडते. अवगुणही आहेतच: पेट्रोल जास्त पिते, आणि धूर फार तापलेला सोडते.

आता मोटारीचे इंजिन विमानात बसवायचे म्हणजे मोटारीच्याच नळ्या चालतील का? सहसा नाही. मोटारीचे मॅनिफोल्ड उंच असते. विमानाचे नाक अरुंद. दुसरी अडचण अशी, की माझदाच्या दोन त्रिकोणांच्या प्रसिद्ध इंजिनात हवेची वाट आणि धुराची वाट एकाच अंगाला, एकीखाली एक असतात. धुराच्या नळीची धग हवेच्या नळीला लागते. हवा तापली की विरळ होते, आणि विरळ हवेत ताकद कमी. वैशाखात आपल्याकडे पारा 45 वर जातो, तेव्हाची हवा 15 अंशांच्या हवेपेक्षा सुमारे एक दशांशाने विरळ असते. त्यात आणखी इंजिनाची धग कशाला? म्हणून कारागीर नळ्या इंजिनावरून पलीकडच्या अंगाला वळवतो, आणि मध्ये धग अडवणारा पत्रा घालतो.

नळ्यांची लांबी किती ठेवायची? इथे गंमत आहे. गुरुजी, तुम्ही हा प्रयोग वर्गात करा. पपईच्या देठाच्या तीन पोंगळ्या कापा, आखूड, मध्यम आणि लांब. एक टोक बोटाने बंद करून दुसऱ्यावर फुंकर घाला. प्रत्येकीचा सूर वेगळा येईल. नळीतली हवा नुसती वाहत नाही, ती झुलते. इंजिनाच्या हवेच्या नळीतही तसेच होते. वाट उघडली-मिटली की हवेला धक्का बसतो. तो धक्का आवाजाच्या वेगाने नळीच्या टोकापर्यंत जातो आणि माघारी येतो. वाट मिटायच्या बेताला तो नेमका परत आला, तर आणखी थोडी हवा आत कोंबून देतो. अवेळी आला तर उलट आडवा येतो.

हिशेब सोपा आहे. इंजिनाचा दांडा मिनिटाला 6 हजार फेरे घेत असेल, तर सेकंदाला 100. एका फेरीच्या वेळात आवाज सुमारे 3 मीटर 40 सेंटिमीटर चालतो. नळी 40 सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन 80, म्हणजे जेमतेम पाव फेरी. नळी लांबवली की धक्का उशिरा येतो, आखूड केली की लवकर. मोटार कधी हळू, कधी जोरात, त्यामुळे तिथे तडजोड करावी लागते. विमान मात्र तासन्‌तास जवळजवळ एकाच गतीने चालते. तेव्हा त्या एका गतीला जुळेल अशी लांबी धरायची. आणि सगळ्या नळ्या शक्य तेवढ्या सारख्या ठेवायच्या. ओलिताच्या दांडातून एका सऱ्यात पाणी जास्त, दुसऱ्यात कमी गेले तर अर्धे वावर सुकते, तसेच हे.

आता जिवाशी गाठ असलेली गोष्ट सांगतो. विहिरीवरच्या मोटरच्या ओढनळीला बारीक चीर गेली तर काय होते? मोटर पाण्याऐवजी हवा ओढते आणि पाणी सोडते. मॅनिफोल्डच्या जोडावरचे पॅकिंग फाटले तर हिशेबाबाहेरची हवा आत शिरते, पेट्रोलचे प्रमाण घटते आणि इंजिन तापून बिघडते. विहिरीवर आपण मोटर बंद करतो, बिडी पेटवतो आणि मिस्त्रीला बोलावतो. आकाशात बिडी पेटवायला वेळ नसतो.

दुसरा शत्रू बर्फ. सुई टोचण्याआधी डॉक्टर हाताला स्पिरिट लावतात, तेव्हा गार वाटते ना? कार्बुरेटरमध्ये पेट्रोल उडून जाताना तसाच गारवा येतो. हवा दमट असेल तर बाहेर 20 अंश असूनही आत बर्फ जमतो आणि श्वास कोंडतो. म्हणून कार्बुरेटर असलेल्या विमानात गरज पडेल तेव्हा ऊन हवा सोडायची सोय ठेवतातच. तिसरा शत्रू सैल बोल्ट. नळीच्या आतला एखादा बोल्ट सुटला तर तो सरळ इंजिनाच्या पोटात जातो. विमानाचा कारागीर असे बोल्ट नुसते आवळत नाही, तारेने बांधून ठेवतो.

हे सगळे मी का सांगतो आहे? 2021 च्या ऑगस्टमध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात, महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीला, एका तरुण वेल्डिंग कारागिराने स्वतः बांधलेले हेलिकॉप्टर जमिनीवर चालवून पाहिले. चाचणीत मागचा पंखा तुटला, त्याने वरच्या पंख्याला धक्का दिला, आणि त्या पोराचा जीव गेला. शाळा आठवीपर्यंतच झालेली. हात मात्र सोन्याचे. मंडळी, त्याला वेडा म्हणू नका. त्याच्यापाशी हिंमत होती आणि हुन्नरही होते. उणीव होती ती शेजारी उभे राहून "थांब, हे आधी तपासू" म्हणणाऱ्या जाणत्या माणसाची.

म्हणून गुरुजींना विनंती. तुमच्या गावात असा एखादा पोरगा असेल. तो भंगारातून इंजिन आणतो, बाप रागावतो, लोक हसतात. तुम्ही हसू नका, आणि त्याला एकटाही सोडू नका. त्याच्याशी आयटीआयच्या निदेशकाची, अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्राध्यापकाची गाठ घालून द्या. इंजिन आधी चौकटीला जखडून तासन्‌तास चालवायचे, फिरत्या पंख्याच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, बिघाड वहीत लिहायचा, ही शिस्त त्याला लावा. उडण्याआधी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची परवानगी लागते, हेही सांगा. 2025 च्या जानेवारीपासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला आहे. परवानगीला वेळ लागतो, हे खरे. पण त्या दोन दशकांची आठवण ठेवा. बांधणारा थांबला, तपासत राहिला, आणि उडून परत आला.

वावरात बी टाकल्यावर दुसऱ्या दिवशी कोणी कापूस वेचायला जात नाही. एवढा धीर आपल्या शेतकऱ्याला उपजत आहे. तोच धीर आपल्या पोरांच्या हातांना मिळो.