एका अपरिचित व्याधीची ओळख
(किहीम येथील ज्ञातिसंमेलनात दिलेले भाषण)



आम्ही वैद्य नव्हे; खडू-फळ्याच्या सहवासात आयुष्य घालविलेले शिक्षक आहोत. तथापि आपल्या किहीम-अलिबागकडे वडीलधाऱ्यांच्या प्रत्येक तक्रारीस 'वय झाले' असे म्हणून गप्प बसण्याची जी रूढी आहे, तिजविषयी चार शब्द बोलणे आम्हांस कर्तव्य वाटते.

भाताच्या पेजेत आयोडीनचा थेंब टाकला असता ती निळी होते, हे आपण शाळेत पाहिले असेल. रुडॉल्फ फिर्खो या जर्मन पंडितास १८५४ साली रोगट इंद्रियांतील एका पदार्थाचा रंग आयोडीनने तसाच पालटलेला दिसला. म्हणून त्याने त्यास 'अमायलॉइड', म्हणजे पिष्टसदृश, असे नाव दिले. पुढे १८५९ साली ते पिष्ट नसून प्रथिन आहे असे सिद्ध झाले. नाव मात्र टिकले. प्रथिनाची घडी बिघडून त्याचे तंतू हृदय, मूत्रपिंडे, मज्जातंतू इत्यादिकांत साचणे, हाच अमायलॉइडोसिस. अस्थिमज्जेतील पेशींचा बिघाड, वार्धक्य, आनुवंशिकता, किंवा दीर्घकाळ राहिलेला क्षय वा संधिवात, अशी त्याची निरनिराळी कारणे आहेत.

आता खुणा ऐका. पायांस सूज, थोड्या श्रमाने धाप, लघवीस फेस, कारणावाचून वजन घटणे, हातापायांस मुंग्या, उठताच भोवळ, दोन्ही मनगटांतील शीर दबून बोटे बधिर होणे. जीभ जाड होऊन कडेला दातांचे वण उमटणे व डोळ्यांभोवती जांभळे डाग पडणे या खुणा थोड्यांतच आढळतात, परंतु विशेष सूचक होत. पूर्वी रक्तदाबाची गोळी मानवत असे, तीच आता सोसेनाशी होणे, हीही खूणच.

यांतील एकेक तक्रार इतर रोगांतही असते. दोन-तीन एकत्र दिसल्यास मात्र सर्व तक्रारी एकाच कागदावर लिहून डॉक्टरांपुढे ठेवाव्या. पायांच्या सुजेसाठी एकाकडे आणि मुंग्यांसाठी दुसऱ्याकडे गेल्याने रोगाचे पूर्ण चित्र कोणासच दिसत नाही. लघवीतील प्रथिनाची तपासणी, हृदयाचा आलेख व सोनोग्राफी यांनी संशय बळावतो. पोटावरील चरबीचा वा रोगग्रस्त इंद्रियाचा तुकडा काँगो रेड रंगाने तपासून बहुधा निदान होते.

नवे प्रथिन साचणे थोपविणारी औषधे आज उपलब्ध आहेत. परंतु थकलेले हृदय पूर्ववत् करणे कठीण. म्हणून विलंब हाच खरा शत्रू. मांडव्याहून लाँच मुंबईस जाते, तेथे मोठी रुग्णालये आहेत. वडिलांची सेवा म्हणजे केवळ पाय चेपणे नव्हे. त्या पायांवर सूज का आली, हे विचारणे हीही सेवाच होय.