बोटीवरचं बिऱ्हाड

(गेल्या वर्षी आपल्या गणेशोत्सवात, गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)

बाहेरचे वक्ते ऐनवेळी येऊ शकले नाहीत, म्हणून कार्यवाहांनी आम्हाला उभं केलं आहे. आम्ही सरकारी नोकर. डिप्लोमा करून महाराष्ट्र शासनाच्या पाणीपुरवठ्याच्या कामाला लागलो. नोकरी तलासरीकडे, बिऱ्हाड इथे खडोलीत. टाक्या, पंप आणि पाइपलाइन सोडून आम्हाला फारसं काही कळत नाही. तरी आज बोलायचं आहे ते व्यापारी जहाजांवरच्या, त्यातही जुन्या जहाजांवरच्या माणसांच्या राहणीबद्दल. त्याचं कारण आपल्याच वसाहतीत घडलं आहे, ते पुढे येईल.

खडोलीला समुद्र नाही. पण दमण फार लांब नाही, आणि तिथल्या टंडेल मंडळींच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस बोटीवर असतो. इथे बसलेल्यांपैकी जे रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडचे आहेत, त्यांच्याही घराण्यात एखादा काका, एखादा चुलत आजोबा 'बोटीवर होता' असं निघतंच. आपल्याला माहीत असतं ते एवढंच. परदेशी साबण आणि ट्रान्झिस्टर आणायचा हे सगळ्यांच्या लक्षात. तो तिथे झोपायचा कुठे, अंघोळ कशाने करायचा, हे कुणी विचारलेलं नसतं.

आमचे मामा गुहागर तालुक्यातले. १९६६ साली विशीत असताना मुंबईच्या एका कंपनीच्या बोटीवर खलाशी म्हणून चढले आणि पस्तीस वर्षांनी सारंग होऊन उतरले. सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम. त्याच्या हाताखाली टिंडेल, मग बाकीचे खलाशी. सुकाणूवर सुकाणी, स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपस. पुढे कागदोपत्री ही नावं बदलली, पण मामांच्या तोंडी तीच राहिली.

आमच्या लहानपणी मामा गणपतीला घरी सापडले ते दोनदाच. तेव्हाची एक गोष्ट आम्हाला विचित्र वाटायची. विहीर भरलेली, पाऊस कोसळतोय, आणि मामा अंघोळीला एकच बादली घेणार. अर्ध्या बादलीत अंघोळ, उरलेल्यात बनियन आणि पंचा धुणार. मामी चिडायची, "अहो, पाणी काय विकत आणलंय?" मामा हसायचे. खुलासा त्यांनी केला तो निवृत्तीनंतर कितीतरी वर्षांनी, आम्ही या खात्यात लागल्यावर.

त्याआधी थोडं जुनं सांगायला हवं. आपण ५ एप्रिलला राष्ट्रीय सागरी दिन पाळतो. १९१९ साली त्या दिवशी सिंधिया कंपनीची 'लॉयल्टी' ही बोट मुंबईहून लंडनकडे निघाली. वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी यांची नावं आपण अभिमानाने घेतो आणि घ्यावीतच. पण आपली माणसं बोटींवर होती ती त्याच्या कितीतरी आधीपासून, इंग्रजांच्या बोटींवर. त्यांना लस्कर म्हणत. १८९४ च्या इंग्रजी कायद्यात खलाशाला राहायला किती जागा द्यायची ते लिहिलेलं होतं. गोऱ्या खलाशाला माणशी ७२ घनफूट. हिंदी लस्कराला ३६. पुढे १९०६ साली गोऱ्यांची जागा १२० घनफूट झाली. ती वाढ आपल्या माणसाच्या वाट्याला आली नाही.

३६ घनफूट म्हणजे किती, हे आम्ही घरी टेप लावून पाहिलं. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, दोन फूट उंच. आपल्या घरातलं लोखंडी कपाट याहून किंचित लहान भरलं. ते कपाट आडवं पाडा, ती एका माणसाची कायद्याने मोजलेली जागा. मुंबईत मस्जिद बंदरला इंडियन सेलर्स होम आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी नाविकांचं स्मारक तिथे आहे. त्यांतले कितीतरी याच मापात राहिलेले असणार.

मामांच्या वेळी स्वराज्य आलेलं होतं, जागाही वाढली होती. पण त्यांच्या पहिल्या दोन बोटी परदेशातून विकत घेतलेल्या, जुन्या. खोलीत चौघे, बंक दोन मजली. चौघांच्या पाळ्या वेगवेगळ्या, त्यामुळे रात्रीच्या चार तासांच्या पाळीहून एक जण आला की दुसरा उठणार. दिवा लागला, कपाटाचं दार वाजलं, की सगळ्यांची झोप मोडली. एसी नव्हता. छतातल्या पाइपातून पंख्याची हवा यायची, ती बाहेर असेल तितकीच गरम. गोल खिडकीत पत्र्याचा सूप बसवून वारा आत घ्यायचा. पण पावसाळी समुद्रात ती खिडकी पोलादी झाकणाने बंद, म्हणजे तोही मार्ग गेला. आखातात उन्हाळ्यात माणसं चटई घेऊन हॅचवर झोपायची. मामा म्हणतात, लाटेची सवय आठ दिवसांत होते, झोप मोडण्याची कधीच होत नाही.

जेवणाला मात्र ते नावं ठेवत नाहीत. देशी खलाशांचं स्वयंपाकघर वेगळं, त्यात भंडारी भात, आमटी, मासळी असेल तर मासळी करायचा. भंडारी कोकणातला असला की बोट चांगली. ताजी भाजी पंधरा दिवस पुरायची, मग बटाटा आणि कांदा. झुरळं सगळीकडे. त्याबद्दल मामा इतकं मायेने बोलतात की मामी उठून आत जाते.

आता पाणी. इथे आमचं खातं येतं, म्हणून थोडा वेळ घेतो. गावांना घरोघरी नळ देण्याच्या योजनेत आम्ही दर माणशी दर दिवशी ५५ लिटर धरतो आणि ते कमी पडतं म्हणून लोक आमच्याकडे मोर्चे आणतात. बोटीवर चहूकडे पाणी, पण पिण्याचं ते बंदरातून टाकीत भरलेलं. जुन्या बोटीची टाकी आतून गंजलेली, म्हणून पाणी लालसर. लांबच्या सफरीत नळाला कुलूप. सकाळी तासभर, संध्याकाळी तासभर, आणि किल्ली वरच्यांकडे. अंघोळ खाऱ्या पाण्याने. त्यात साबणाला फेस येत नाही. शेवटी अंगावर गोडं पाणी घ्यायचं ते मगाने मोजून. मामांची ती अर्धी बादली इथली.

पुढच्या बोटींवर समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र आलं. त्याची युक्ती फार सुंदर आहे. मोठं इंजिन थंड करताना जे पाणी तापतं, त्याची उष्णता वापरायची आणि बंद भांड्यातली हवा ओढून घ्यायची. मग खारं पाणी शंभर अंशांऐवजी पन्नासच्या आतबाहेरच उकळतं, त्याची वाफ धरायची. इंधनाचा वेगळा खर्च नाही. पण मेख अशी, की इंजिन चालू तर पाणी चालू. बोट बंदराबाहेर नांगरून उभी राहिली की यंत्र बंद, आणि किनाऱ्याजवळचं पाणी घाण म्हणून तिथे ते चालवतही नाहीत. मालाचे पैसे अडले, मालकाचं दिवाळं वाजलं आणि बोट महिना-दोन महिने नांगरावर पडली, की पहिली तंगी येते ती पाण्याची. किनाऱ्यावरचे दिवे दिसत असतात.

इथे आपल्या वसाहतीतल्या मुलाकडे येतो. घराचं नाव घेत नाही, मुलगाही इथे नाही. त्याने जीपी रेटिंगचा सहा महिन्यांचा कोर्स केला, सीडीसी हातात आलं, पण वर्षभर बोट मिळेना. मग एक एजंट भेटला. तीन लाख द्या, पंधरा दिवसांत बोटीवर चढवतो म्हणाला. वहिनींनी पाटल्या मोडायची तयारी केली आणि सही करण्याआधी 'भाऊजी, तुम्ही इंजिनीअर आहात, जरा कागद बघा' म्हणून आमच्याकडे आल्या.

आम्ही मामांना फोन लावला. त्यांनी बोटीचं नाव विचारलंच नाही. म्हणाले, "नाव बदलतं. आयएमओ नंबर विचार. तो सात आकडी असतो आणि बोट मोडीत जाईपर्यंत तोच राहतो." एजंट नंबर देईना. चार दिवसांनी दिला. तो 'इक्वॅसिस' नावाच्या फुकट साइटवर टाकला तर बोट १९८९ ची, मुलापेक्षा तेरा वर्षांनी मोठी, आणि आतापर्यंत चौथं नाव लावलेली.

आम्हाला तेव्हा एक गोष्ट कळली, ती इथे सगळ्यांना सांगावीशी वाटते. खलाशांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार २००६ साली झाला, २०१३ पासून लागू झाला, २०१५ मध्ये भारताने मान्य केला. त्यात दर माणसाला दिवसाला किमान दहा तास विश्रांती, जेवण फुकट, मालकाने वाऱ्यावर सोडलं तर चार महिन्यांपर्यंतच्या पगाराची आणि घरी परतण्याची हमी, सगळं आहे. नोकरी लावण्यासाठी खलाशाकडून एक पैसाही घ्यायचा नाही हेही आहे. खर्च त्याने करायचा तो पासपोर्ट, सीडीसी आणि वैद्यकीय दाखल्याचा. मोठ्या मालवाहू बोटीवर प्रत्येकाला स्वतंत्र खोली, बंक किमान १९८ सेंटिमीटर लांब, हेही लिहिलं आहे. पण खोलीचं हे माप फक्त त्यानंतर बांधलेल्या बोटींना. आधीच्या बोटी ज्या नियमाने बांधल्या, त्याच मापात चालू राहतात. म्हणजे मुलगा आजचा, पण त्याची खोली १९८९ ची. बाराशे टनांच्या पोलादात भिंती हलवायच्या कशा, हे आम्हालाही कळतं. झोपायचं मात्र त्यालाच आहे ना?

बोट जुनी म्हणून वाईट असं नाही. मामांची सर्वांत आवडती बोट पंचवीस वर्षांची होती, मालक दुरुस्तीला कंजूष नव्हता. पण जुन्या बोटीवर कंजूष मालक आला की काय होतं ते २०१२ साली ३१ ऑक्टोबरला चेन्नईला दिसलं. 'नीलम' वादळात 'प्रतिभा कावेरी' हे तेलवाहू जहाज किनाऱ्याला लागलं. जीव वाचवायला खलाशी होडीत उतरले, ती उलटली आणि त्यांतले काही बुडाले. नांगरावर असताना जहाजावर अन्न-पाण्याची टंचाई होती, पगार थकले होते, हे मागाहून वर्तमानपत्रांतून आलं.

आम्ही वहिनींना सांगितलं, पैसे देऊ नका. नौवहन महासंचालनालयाच्या साइटवर परवानाधारक भरती कंपन्यांची यादी आहे, त्यात या एजंटचं नाव नाही. पैसे वाचले. मुलगा मात्र सहा महिने आमच्याशी बोलला नाही. रस्ता ओलांडून जायचा. त्याच्या बरोबरीचे दोघे दुसऱ्याच वाटेने बोटीवर गेले होते, पगार घरी येत होते, आणि हा इथे कारखान्यात रात्रपाळीला पॅकिंग करत होता. आपण त्याचं वर्ष फुकट घालवलं की काय, असं आम्हा दोघा नवरा-बायकोंना पुष्कळदा वाटलं. आजही कधी कधी वाटतं.

अकरा महिन्यांनी त्याला परवानाधारक कंपनीतून बोट मिळाली. चढल्यावर आठवड्याने त्याचा पहिला मेसेज आला, आपणहून. खोलीचा फोटो, आणि खाली: 'काका, टेपने मोजलं. दहा बाय आठ. एकट्याची. बाथरूम आत. पाणी चोवीस तास, पण थोडं लालसर.'

गेल्या मे महिन्यात गावी गेलो तेव्हा तो फोटो मामांना दाखवला. त्यांनी मोबाइल डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहिला. म्हणाले, "खिडकी उघडते का, विचार त्याला."

आम्ही विचारलं. उत्तर आलं, 'नाही काका, एसी आहे म्हणून ती पक्की बंद असते.'

मामा म्हणाले, "आणि एसी बंद पडला तर?"

तो प्रश्न आम्ही अजून त्याला पाठवलेला नाही. आरतीची वेळ झाली आहे, थांबतो.