एका गाडीत दोन ॲम्प्लिफायर



गाडीत एक ॲम्प्लिफायर बसला की काही दिवसांनी दुसऱ्याची हौस येतेच. पहिला चार चॅनलचा, दारांतल्या स्पीकरांसाठी. दुसरा डिकीतल्या सबवूफरसाठी. हौसेला मोल नाही, कबूल. पण दुकानात सगळी चर्चा वॅटची होते आणि वायरीचा विषय निघतो शेवटी, "टाका एखादी" म्हणून. आज बोलायचंय ते या वायरीबद्दल.

वॅटचा हिशेब आधी मिटवू. डब्यावर ३००० वॅट छापलेलं असतं. तिकडे पाहूच नका. ॲम्प्लिफायर हातात घ्या आणि त्याच्या अंगावरचा फ्यूज वाचा. समजा तो ३० ॲम्पिअरचा आहे. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४ व्होल्ट मिळतात. चौदा त्रिक बेचाळीस, म्हणजे ४२० वॅट. सलग एवढीच वीज आत जाणार आणि तिच्यातलीही काही उष्णतेत जाणार. मग बाहेर तीन हजार येतील कुठून?

तेव्हा दोन्ही ॲम्प्लिफायरांच्या फ्यूजची बेरीज करा. एकाचे ६०, दुसऱ्याचे ४०, झाले १०० ॲम्पिअर. बॅटरी पुढे बॉनेटखाली, ॲम्प्लिफायर मागे डिकीत. वायर पाचेक मीटर लागते. एवढ्यासाठी ४ गेजची, म्हणजे सुमारे २१ चौरस मिलिमीटरची, शुद्ध तांब्याची वायर हवी. वरून तांब्याचा मुलामा आणि आत ॲल्युमिनिअम, अशी स्वस्त वायरही बाजारात भरपूर आहे. ब्लेडने तार खरवडली की पांढरी दिसते. ती तांब्याइतकी वीज वाहून नेत नाही. घ्यायचीच तर एक माप जाड घ्या.

बॅटरीपासून ही एकच जाड वायर मागे न्यायची आणि डिकीत डिस्ट्रिब्युशन ब्लॉकवर तिच्या दोन शाखा काढायच्या. मुख्य फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत. इथे हमखास ऐकू येतं, "ॲम्प्लिफायरला फ्यूज आहेच की!" आहे, पण तो ॲम्प्लिफायरसाठी. मधली पाच मीटर वायर कोण सांभाळणार? इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या भोकातून ती वायर जाते. भोकाला रबरी ग्रोमेट नसेल, तर पत्र्याची कड रोज थोडी थोडी तिचं आवरण कापत राहते. एक दिवस तांबं पत्र्याला टेकतं. बॅटरी तेव्हा शेकडो ॲम्पिअर ओतते आणि वायर गालिच्याखाली लाल होते. ब्लॉकवरही तेच. शाखांच्या वायरी बारीक, म्हणून प्रत्येक शाखेला तिच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज. घरात मेन स्विच असला तरी प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी असतो, तसंच.

अर्थिंगकडे तर कुणी बघतच नाही. गाडीचा पत्रा म्हणजेच मायनस, पण रंगावर बोल्ट आवळून अर्थ मिळत नाही. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, थिंबल लावून नट आवळा, वरून ग्रीस चोपडा. कोकणात आणि मुंबईत खाऱ्या हवेने उघडा पत्रा लवकर गंजतो. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. आणि ड्रिल चालवण्याआधी गाडीखाली वाकून पाहा, पेट्रोलची टाकी तिथेच कुठेतरी असते.

दोन्ही ॲम्प्लिफायरांची अर्थ वायर एकाच जागी जोडायची. एकाची डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे केली, तर दोन जागांत किंचित व्होल्टेजचा फरक राहतो आणि सिग्नलच्या वायरीतून नको तो प्रवाह फिरतो. मग ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे शिट्टी चढत जाते. लोक स्टीरिओ बदलतात, शिट्टी तशीच! सिग्नलच्या वायरीही पॉवरच्या वायरीसोबत नेऊ नका. एक डावीकडून, दुसरी उजवीकडून.

चालू-बंदचा इशारा देणारी स्टीरिओची निळी रिमोट वायर दोन ॲम्प्लिफायर सहसा निभावून नेते. तिच्यावर पंखाही लावायचा असेल, तर मध्ये रिले घाला. बासच्या ठोक्याला हेडलाइट मंद होत असतील, तर दुकानदार कपॅसिटर पुढे करेल. कपॅसिटर वीज तयार करत नाही. आधी वायर, अर्थ, बॅटरी आणि अल्टरनेटर तपासा.

काम सुरू करण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढायला सांगा. आणि गाडी ताब्यात घेताना गाणं लावण्याआधी बॉनेट उघडा. बॅटरीजवळ हातभर अंतरात फ्यूज दिसला नाही, तर पैसे देऊ नका.