मोजताना मध्ये बोलायचं नाही



गटांच्या बैठकांना फिरताना एक तक्रार माझ्या कानावर येते. "आमच्या कोषाध्यक्ष मावशींच्या आता लक्षात राहत नाही. पैसे घेतात आणि पासबुकात नोंद करायची राहून जाते. त्यांना बदला." मावशी साठीच्या पुढच्या. गट निघाला तेव्हापासून पेटी त्यांच्याकडं, कधी रुपयाचा घोळ नाही. अशा बाईला उतरवण्याआधी चूक नेमकी कधी होते, ते बघू या.

मावशी नोटा मोजत असतात. तेवढ्यात एक जण कर्जाचा हप्ता पुढं करते, दुसरी बँकेच्या कागदावर सही मागते, तिसरीचा फोन वाजतो. मोजणी तुटते ती तिथं.

बाईला दहा हात असतात, असं आपण म्हणतो. पण लक्ष एकच असतं. लक्ष देऊन करायची दोन कामं तरण्या माणसालाही एकदम जमत नाहीत. मन भराभर इकडून तिकडं जातं, एवढंच. वय वाढलं की ही ये-जा मंदावते. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को इथल्या संशोधकांनी २०११ साली हे तपासलं. एक चित्र लक्षात ठेवायला सांगितलं आणि मध्येच दुसरं दाखवलं. मध्ये आलेल्या चित्राकडं तरुण आणि म्हातारे दोघांचंही लक्ष गेलं. पण ते सोडून पहिल्या चित्राकडं परत येणं म्हाताऱ्यांना जड गेलं.

घरातही हेच होतं. दूध तापत ठेवलेलं, मोटार चालू, त्यात नातू रडतो. दूध उतू गेलं की सून म्हणते, "लक्ष कुठं असतं तुमचं?" लक्ष नातवाकडं असतं, दुसरं काय!

आणखी एक सांगते. उतारवयात नुसत्या चालण्यालाही लक्ष लागतं. स्वीडनमध्ये १९९७ साली वृद्धांची पाहणी झाली. बोलायचं झालं की ज्यांना चालता चालता थांबावं लागे, त्यांच्यापैकी जास्त जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. म्हणून आजी ओल्या पायऱ्या उतरत असताना मागून हाक मारू नका.

मात्र सगळंच वयावर ढकलू नका. रक्त कमी असणं, थायरॉईड, बी-१२ ची कमतरता, अपुरी झोप, कमी ऐकू येणं, एखादी नवी गोळी, यांनीही चित्त थाऱ्यावर राहत नाही. त्यावर इलाज आहेत. ओळखीच्या गावात वाट चुकू लागली, रोजचा व्यवहार कळेना, तर आरोग्य केंद्रात दाखवा. एकाएकी बरळू लागल्या तर त्याच दिवशी न्या.

आता बैठकीचं. पैसे मोजताना कुणी बोलायचं नाही. फोन पिशवीत. एकीनं नाव पुकारायचं, मावशींनी पैसे घ्यायचे, दुसरीनं तिथंच नोंद करायची. मगच पुढचं नाव. उठण्याआधी रोकड आणि वही जुळवायची. हे नियम पंचविशीतल्या कोषाध्यक्षालाही उपयोगी पडतील.

कर्ज कुणाला द्यावं, कुणाच्या घरी काय अडचण आहे, कोण फेडेल, ही पारख मावशींना इतक्या वर्षांत आली आहे. ती वयानं अशी सहज जात नाही. त्यांना बदलण्याचा ठराव लिहिण्याआधी चार बैठका अशा घेऊन बघा. आणि त्यातून काय झालं, ते आम्हाला जरूर कळवा.