मालिकेतील खेळाडूचे मोल

मालिका म्हणजे त्याच दोन संघांनी ओळीने खेळलेले सामने. क्रिकेटमधील कसोटी मालिका आणि बास्केटबॉलमधील प्लेऑफ हे तिचे दोन परिचित प्रकार. अमेरिकेतील एनबीए स्पर्धेच्या प्लेऑफमध्ये सातपैकी चार सामने जिंकणारा संघ पुढची फेरी गाठतो. साखळीत दर दोन-चार दिवसांनी नवा प्रतिस्पर्धी समोर येतो. प्लेऑफमध्ये मात्र तोच संघ, तेच बचावपटू आणि तोच प्रशिक्षक पुन्हा पुन्हा भेटतात. खेळाडूची आवडती जागा आणि त्याच्या हालचालीतला कच्चा दुवा यांचा अभ्यास होतो. राखीव खेळाडू कमी वापरले जातात आणि मुख्य खेळाडू अधिक मिनिटे मैदानावर राहतात. त्यामुळे साखळीतील आकडे प्लेऑफला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. मालिकेतील कामगिरी वेगळ्या कसोटीवर तपासावी लागते.

ही तपासणी क्रिकेटमधून शिकण्यासाठी चेन्नईतील चेपॉकच्या मैदानासारखी दुसरी शाळा नाही. एम. ए. चिदंबरम स्टेडियम हे त्याचे अधिकृत नाव.  या मैदानावरचे काही कसोटी सामने मूल्यमापनाचा एकेक प्रश्न स्पष्ट करतात.

पहिला प्रश्न बेरजेचा आणि सरासरीचा. १९८३ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या सहा कसोटींत सुनील गावसकरने ५०५ धावा केल्या, सरासरी साडेपन्नास. नुसती सरासरी पाहिली तर सातत्य दिसते. डाव वेगळे केले की चित्र बदलते. दिल्लीत १२१, अहमदाबादला ९० आणि चेपॉकवर नाबाद २३६, या तीन डावांत ४४७ धावा झाल्या. उरलेल्या आठ डावांत मिळून अवघ्या ५८. चेपॉकवर तो चौथ्या क्रमांकावर आला तेव्हा फलकावर शून्य धावा होत्या आणि दोन गडी बाद झाले होते. त्याच डावात त्याने तिसावे कसोटी शतक झळकावून ब्रॅडमनचा २९ शतकांचा विक्रम मागे टाकला. खेळी थोरच होती, पण तोवर वेस्ट इंडिजने मालिका जिंकली होती. म्हणून मूल्यमापन करताना सरासरीबरोबर धावांची विभागणी पाहावी आणि त्या धावा आल्या तेव्हा मालिका खुली होती की संपलेली, तेही पाहावे.

दुसरा प्रश्न, समोर कोण होते हा. जानेवारी १९७५ मध्ये चेपॉकवर अँडी रॉबर्ट्सने ६४ धावांत ७ गडी बाद केले आणि भारताचा डाव १९० धावांत आटोपला. त्या १९० मध्ये गुंडाप्पा विश्वनाथच्या नाबाद ९७ होत्या. शतक हुकले, म्हणून शतकांच्या यादीत ही खेळी सापडत नाही. पण निम्म्याहून अधिक धावा एकट्याने, त्याही अशा माऱ्यापुढे काढणे अनेक शतकांहून मोलाचे. भारताने तो सामना १०० धावांनी जिंकला.

तिसरा प्रश्न मालिकेच्या गाभ्याचा आहे. प्रतिस्पर्ध्याने आखलेल्या डावपेचाला खेळाडूने काय उत्तर दिले? मार्च १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला तेव्हा सारी चर्चा शेन वॉर्न आणि सचिन तेंडुलकर यांच्या लढतीची होती. वॉर्न राउंड द विकेट येऊन लेगस्टंपाबाहेरच्या उखडलेल्या जागेत चेंडू टाकणार, हे उघड होते. तेंडुलकरने चेन्नईत सरावाच्या वेळी लेगस्पिनर लक्ष्मण शिवरामकृष्णनला नेमक्या त्याच जागेत गोलंदाजी करायला लावली. तरीही पहिल्या डावात वॉर्नने त्याला ४ धावांवर स्लिपमध्ये मार्क टेलरकरवी झेलबाद केले. भारत पहिल्या डावात ७१ धावांनी मागे पडला. दुसऱ्या डावात वॉर्न त्या उखडलेल्या जागेकडे वळला आणि तयारी कामी आली. वळणाच्या विरुद्ध, मिडविकेटवरून मारलेल्या फटक्यांनी वॉर्नचा टप्पा बिघडला. तेंडुलकरच्या १९१ चेंडूंत नाबाद १५५ धावा झाल्या. वॉर्नला १२२ धावांत एकच बळी मिळाला. भारताने कसोटी १७९ धावांनी जिंकली. तीन कसोटींच्या मालिकेअखेर तेंडुलकरच्या ४४६ धावा होत्या, तर वॉर्नचे १० बळी प्रत्येकी ५४ धावांना पडले होते. पहिल्या डावातील ४ आणि दुसऱ्या डावातील १५५ यांची नुसती सरासरी काढली तर या मालिकेतील सर्वात महत्त्वाची गोष्टच हरवते. एका डावातील हारीचा बदला पुढच्याच डावात घेणे हा मालिकेतील श्रेष्ठत्वाचा खरा पुरावा.

चौथा प्रश्न, संघाच्या भारातील वाटा. २००१ च्या ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेत दुखापतीमुळे अनिल कुंबळे नव्हता. हरभजन सिंगने तीन कसोटींत ३२ बळी घेतले. दुसऱ्या कोणत्याही भारतीय गोलंदाजाला तीनपेक्षा जास्त मिळाले नाहीत. हरभजनच्या ३२ पैकी १५ बळी चेपॉकवरच्या निर्णायक कसोटीत होते. कोलकात्यात २८१ धावांची अजोड खेळी करणारा व्ही. व्ही. एस. लक्ष्मण त्याच मालिकेत असूनही मालिकावीर हरभजन ठरला, तो याच कारणाने. बास्केटबॉलमध्ये हा वाटा मोजण्यासाठी ‘प्लस-मायनस’ वापरतात. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण मिळवले आणि किती दिले, यांतील ते अंतर. मात्र त्या वेळी सोबत कोण खेळत होते, हे पाहिल्याशिवाय या आकड्यावर विसंबता येत नाही.

पाचवा प्रश्न क्षणाचा. डिसेंबर २००८ मध्ये इंग्लंडने चेपॉकवर भारतापुढे ३८७ धावांचे लक्ष्य ठेवले. भारतातील कसोटीत एवढे लक्ष्य तोवर कोणी गाठले नव्हते. तेंडुलकरच्या नाबाद १०३ धावांनी सामना जिंकून दिला. मुंबईवरील दहशतवादी हल्ल्याला तेव्हा जेमतेम पंधरवडा झाला होता, त्यामुळे त्या शतकाचे भावनिक मोलही मोठे होते. तरी सामनावीर ठरला तो ८३ धावा करणारा वीरेंद्र सेहवाग. चौथ्या दिवशी सायंकाळी ६८ चेंडूंत काढलेल्या त्या धावांनी सामना वाचवण्याचा विचार मागे पडला आणि जिंकण्याचा विचार सुरू झाला. २०१५ च्या एनबीए अंतिम मालिकेतही असेच घडले. क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने सामन्यागणिक सुमारे ३६ गुण मिळवले. मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार मात्र विजेत्या गोल्डन स्टेटच्या आंद्रे इग्वोडालाला मिळाला. त्याची सरासरी जेमतेम १६ गुणांची होती. पण चौथ्या सामन्यापासून त्याला सुरुवातीच्या पाच जणांत घेतले आणि मालिकेची दिशा पालटली. जेम्सला रोखण्याचे मुख्य कामही त्याच्याकडेच होते.

सहावा आणि सर्वात अवघड प्रश्न निकालाचा. जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानने चेपॉकवर भारतापुढे २७१ धावांचे लक्ष्य ठेवले. दोन्ही सलामीवीर ६ धावांत परतले, ८२ धावांवर निम्मा संघ बाद झाला. पहिल्या डावात शून्यावर बाद झालेल्या तेंडुलकरने नयन मोंगियाला साथीला घेऊन १३६ धावांची भागी रचली. पाठीच्या वेदना असह्य होत असतानाही तो उभा राहिला. १३६ धावांवर सकलेन मुश्ताकने त्याला बाद केले तेव्हा विजयासाठी १७ धावा हव्या होत्या आणि तीन गडी शिल्लक होते. ते तिघे आणखी ४ धावांत गेले. भारत १२ धावांनी हरला. सामनावीर तेंडुलकरच ठरला. प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला मानवंदना दिली, हेही चेपॉकच्या न्यायबुद्धीला साजेसेच.

असाच न्याय १९६९ मध्ये बास्केटबॉलने केला. बोस्टनने लॉस एंजेलिसला सातव्या सामन्यात हरवले, पण अंतिम मालिकेतील सर्वोत्तम खेळाडूचा त्या वर्षी सुरू झालेला पुरस्कार हरलेल्या संघाच्या जेरी वेस्टला देण्यात आला. सातव्या सामन्यात त्याने ४२ गुण मिळवले होते. त्यानंतर हरलेल्या संघातील खेळाडूला हा मान पुन्हा मिळालेला नाही. पाच किंवा अकरा जणांच्या खेळात निकाल संघाचा असतो. एकट्याच्या कामगिरीचा तो एकमेव मापदंड ठरू शकत नाही.

मालिकेचा हिशेब मांडताना धावा, बळी आणि गुण यांपासून सुरुवात जरूर करावी. त्यानंतर त्या आकड्यांना विभागणी, प्रतिस्पर्धी, उत्तर, वाटा आणि वेळ हे पाच प्रश्न विचारावेत, आणि निकाल सर्वांत शेवटी पाहावा. या क्रमाने पाहिले तर १९९८ ची विजयी १५५ आणि १९९९ ची पराभूत १३६ या दोन्ही खेळी एकाच पंक्तीत बसतात. क्रीडारसिकांनी पुढच्या मालिकेचा धावफलक वाचताना जय-पराजयाच्या ओळीआधी चेंडूंचा आणि पडलेल्या गड्यांचा रकाना वाचण्याची सवय लावून घ्यावी; खेळाडूला न्याय मिळण्याची सुरुवात तिथूनच होते.