परभाषेतील व्यापारी शब्दांचा अभ्यास : फ्रेंच भाषेच्या निमित्ताने

(कोरीट येथे समाजमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाचे नाव ऐकून काहींना हसू आले असेल. कोरीटच्या शेतकऱ्याला फ्रेंच भाषेशी काय कर्तव्य, असे कोणी विचारल्यास तो प्रश्न वावगा म्हणता येणार नाही. परंतु आपल्यातील अनेक तरुण आता शेतीला जोडून एखादा धंदा काढावा, मिरची, पपई, केळी यांचा माल परदेशी धाडावा, असे मनोरथ बोलून दाखवतात. त्यांच्यासाठी ही दोन घटकांची चर्चा आहे. परभाषा म्हणजे इंग्रजी, आणि इंग्रजी आली की जग जिंकले, अशी आपली समजूत असते. ती अपुरी आहे, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम एक गंमत सांगतो. आपण सर्वजण रोज फ्रेंच शब्द बोलतो. किलो, ग्रॅम, लिटर, मीटर ही मापे फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, 1795 च्या कायद्याने फ्रान्सात ठरली. आपल्या देशात त्यासंबंधीचा कायदा 1956 साली झाला आणि 1958 च्या ऑक्टोबरपासून शेर, मण, पायली यांची जागा ही मापे घेऊ लागली. आपल्या सातबाऱ्यावर क्षेत्र ‘हेक्टर-आर’ मध्ये लिहिलेले असते. तो ‘आर’ही त्याच फ्रेंच कायद्यातला. शंभर चौरस मीटरांचा एक आर, शंभर आरांचा एक हेक्टर. ज्या शब्दांनी आपल्या वडिलोपार्जित जमिनीचे मोजमाप होते, ते शब्द ज्या भाषेने दिले तिला सर्वस्वी परकी कसे म्हणावे?

इतिहासाकडे पाहिले तरी हेच दिसते. सुरतेहून बुऱ्हाणपूरकडे जाणारा जुना व्यापारी रस्ता आपल्याच मुलखातून जात असे. जाँ-बातिस्त ताव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या सतराव्या शतकात या रस्त्याने गेला. त्याचे प्रवासवर्णन 1676 साली प्रसिद्ध झाले. त्यात या वाटेवरील मुक्कामांची नावे आहेत आणि त्यांत नवापूर व नंदुरबार आहेत. नवापूर हे विणकरांचे मोठे गाव असून तेथील बारीक, कस्तुरीसारखा सुगंध येणारा तांदूळ हा मुख्य व्यापाराचा जिन्नस होय, असे त्याने लिहून ठेवले आहे. फ्रेंचांनी सुरतेस आपली वखार 1668 च्या सुमारास घातली. म्हणजे आपला माल ओळखणारा फ्रेंच व्यापारी साडेतीनशे वर्षांपूर्वी आपल्या दारावरून गेला. त्याने आमच्या तांदळाचे नाव टिपून नेले. त्याच्या भाषेतील भावाचा शब्द मात्र आमच्या शेतकऱ्याच्या कानी पडण्याचा प्रसंगच आला नाही.

दोघांना परस्परांची भाषा येत नसली, म्हणजे मध्ये तिसरा उभा राहतो. त्याला आपल्याकडे दुभाषी म्हणत. इंग्रजांनी त्याचाच ‘दुबाश’ केला. पाँडिचेरीचा आनंद रंग पिळ्ळै हा असाच एक कर्तबगार पुरुष. द्युप्ले या फ्रेंच गव्हर्नराचा तो मुख्य दुबाश होता आणि 1736 पासून 1761 पर्यंत त्याने तमिळमध्ये लिहिलेली रोजनिशी आज इतिहासाचे मोठे साधन ठरली आहे. दोन्हीकडचे बोलणे ज्याला कळते त्याच्या हाती केवढी सत्ता येते, हे त्या रोजनिशीवरून कळून येते. मध्यस्थ वाईट असतो असे मी म्हणत नाही. पण मध्यस्थ काय बोलला हे ज्याला तपासता येत नाही, तो भावाचा मालक राहत नाही. पूर्वी अनेक बाजारपेठांत रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत आणि माल ज्याचा तोच बाजूस उभा राहून पाहत असे. बाजार समित्यांच्या कायद्यांनी, आपल्या राज्यात 1963 च्या कायद्याने, उघड लिलावाची रीत घालून दिली. परदेशी कागद न वाचता त्यावर सही करणे म्हणजे तोच रुमाल पुन्हा आपल्या हातावर आपणच पांघरून घेणे होय.

हा उपदेश पोकळ वाटू नये म्हणून आपल्याच भाषेच्या लोकांचे एक उदाहरण देतो. हिंदी महासागरात मॉरिशस नावाचे बेट आहे. 1834 पासून तेथील उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर म्हणून हिंदुस्थानातून लाखो लोक गेले. त्यांत रत्नागिरीकडील व कोकणपट्टीतील मराठी कुटुंबे होती. त्यांचे वंशज आजही तेथे मराठी शिकतात, गणेशोत्सव करतात. इंग्रजांनी ते बेट 1810 साली फ्रेंचांकडून जिंकले, परंतु तेथील कायदे व चालीरीती कायम ठेवण्याचे कबूल केले. त्यामुळे राज्य इंग्रजांचे आणि मळेवाल्यांचा व्यवहार फ्रेंच, अशी स्थिती राहिली. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर दोन दिवसांचा रोज कापण्याची दुष्ट पद्धत तेथे होती. आपल्या हिशेबात काय लिहिले आहे हे न कळणाऱ्या माणसाने दाद मागावी कोणाजवळ? दुकानदार महिनाभर उधार देई आणि ‘कार्ने’ नावाच्या लहान वहीत टिपून ठेवी. महिनाअखेर तीच वही प्रमाण.

पुढे, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साखरेचे भाव पडल्यावर मळेवाले जमिनीचे तुकडे पाडून विकू लागले. त्याला ‘मोर्सेलमाँ’ म्हणतात. याच मजुरांनी पैपै साठवून ते तुकडे विकत घेतले. खरेदीखते नोटरीपुढे फ्रेंचमध्ये होत. मजुरीच्या करारावर आंगठा उठवणाऱ्या पिढीनंतर जमिनीचे धनी होणारी पिढी आली. पैसा साठवणे हे त्यातील अवघड काम होते, यात शंका नाही. पण खरेदीखतातील चतुःसीमा, किंमत, हप्ता हे शब्द ज्यांच्या घरात कोणाला तरी कळत, त्यांची जमीन त्या मानाने सुरक्षित, हे सांगावयास पंडित लागत नाही.

आजच्या काळात या भाषेचा व्यापार कोठे चालतो? फ्रान्स, बेल्जियमचा काही भाग, स्वित्झर्लंडचा काही भाग आणि कॅनडातील क्वेबेक येथे तर आहेच. परंतु आपल्या दृष्टीने पश्चिम आफ्रिका अधिक महत्त्वाची. आपल्या देशाचा तांदूळ सेनेगल, बेनिन, आयव्हरी कोस्ट या देशांत मोठ्या प्रमाणावर जातो. उलट आयव्हरी कोस्टमधून कच्चा काजू आपल्या देशातील कारखान्यांत येतो. अशा देशांनी व्यापारी कायदा एकच असावा म्हणून ‘ओहादा’ नावाची संस्था स्थापिली; आज तीत 17 देश आहेत. तिचा करार 1993 साली मॉरिशसच्याच पोर्ट लुई शहरी झाला. त्या कायद्याची मूळ भाषा फ्रेंच. फ्रान्समध्ये 1994 च्या कायद्याने गिऱ्हाइकाला विकावयाच्या मालावरील माहिती फ्रेंचमध्ये असावी लागते. आपल्या मिरचीपुडीच्या पाकिटावर ‘पिमाँ आँ पूद्र’ हे शब्द हवेत, तेही शुद्ध लिहिलेले हवेत.

आता मुख्य गोष्ट. एखादी भाषा शिकावयाची म्हणजे आपण व्याकरणापासून आरंभ करतो आणि क्रियापदांच्या रूपांत अडकून वर्षभरात कंटाळतो. व्यापाऱ्याने उलट क्रम धरावा. ज्या क्रमाने सौदा चालतो त्या क्रमाने शब्द शिकावेत. गिऱ्हाईक भाव विचारते, तेव्हा जे दरपत्रक द्यावयाचे ते ‘दव्ही’. त्यावर गिऱ्हाइकाने मान्यतेची सही केली की ते उभयतांस बांधते. मग येते ‘कोमाँद’, म्हणजे मालाची मागणी. ‘लिव्ह्रेझोँ’, म्हणजे माल पोहोचवणे. ‘फाक्त्यूर’, म्हणजे बीजक. ‘एशेआँस’, म्हणजे पैसे देण्याची मुदत. आणि शेवटी ‘रसू’, म्हणजे पावती. रोखीस ‘कोँताँ’, उधारीस ‘क्रेदी’. दुकान मांडताना ‘ल्वाये’ म्हणजे भाडे आणि ‘बाय’ म्हणजे भाडेपट्टा. वहीखात्यात ‘आशा’ म्हणजे खरेदी, ‘व्हाँत’ म्हणजे विक्री, ‘बेनेफीस’ म्हणजे नफा, ‘पेर्त’ म्हणजे तोटा, ‘बिलाँ’ म्हणजे ताळेबंद. खरेदीला आशा म्हणणारी भाषा व्यापाऱ्याचे मन जाणते, असे वाटल्यावाचून राहत नाही! ‘शिफ्र दाफेर’ हा शब्द ऐकून कोणी फायदा समजेल, पण तो एकूण विक्रीची उलाढाल सांगतो. त्यातून खर्च वजा जावयाचा असतो.

इंग्रजीवरून अंदाज बांधणाऱ्यांनी विशेष सावध असावे. ‘मागाझँ’ म्हणजे मासिक नव्हे, दुकान. ‘लोकास्योँ’ म्हणजे ठिकाण नव्हे, भाड्याने देणेघेणे. ‘मोने’ म्हणजे सुटे पैसे. पैशाला सर्वसाधारण शब्द ‘आर्जाँ’, आणि त्याचाच दुसरा अर्थ चांदी. आपला रुपया रौप्यावरून आला, त्यांचाही पैसा रौप्यच.

एका जोडशब्दाकडे मी आपले लक्ष मुद्दाम वेधतो. सौदा ठरताना आगाऊ रक्कम देतात. तिला आपण इसारा म्हणून मोकळे होऊ. फ्रेंचमध्ये शब्द दोन आहेत, ‘आर’ आणि ‘आकोँत’. रक्कम ‘आर’ म्हणून दिली असेल, तर फ्रेंच दिवाणी कायद्याच्या 1590 व्या कलमाप्रमाणे सौदा मोडण्यास दोघेही मोकळे : घेणाऱ्याने मोडला तर त्याची रक्कम बुडाली, विकणाऱ्याने मोडला तर त्याने दुप्पट परत करावयाची. रक्कम ‘आकोँत’ म्हणून दिली असेल, तर सौदा पक्का झाला; नुसती रक्कम सोडून पाय काढता येत नाही, नुकसानभरपाईचा दावा होऊ शकतो. सातबाऱ्यावरचा आर निराळा आणि हा आर निराळा. उच्चार मात्र एकच. एका शब्दाच्या अज्ञानाने घर बसते ते असे.

आकड्यांचेही तसेच. आपण हजाराच्या जागी स्वल्पविराम देतो. फ्रेंच लोक तो दशांशचिन्ह म्हणून वापरतात. आपण 1,500 किलो लिहिले तर त्यांच्या वाचनात ते दीड किलो होईल. हजाराच्या जागी त्यांच्याकडे मोकळी जागा सोडतात. त्यांचे ऐंशी म्हणजे ‘चार विसा’ आणि नव्वद म्हणजे ‘चार विसा दहा’. ज्यांच्या घरी आजी विसा-विसांनी मोजत असे, त्यांना यात काही अवघड नाही.

अभ्यासाची रीत सांगतो. चाळीस पानांची एक वही करावी. एका पानावर चार रकाने : फ्रेंच अक्षरांतील शब्द, नागरीत उच्चार, मराठी अर्थ, आणि तो शब्द ज्या कागदावर येतो त्या कागदाचे नाव. रोज पाच शब्द पुरेत. तीन महिन्यांत साडेचारशे होतील आणि लहान व्यापाराचा बहुतेक पत्रव्यवहार तेवढ्यात वाचता येईल. नागरीतील उच्चार कामचलाऊ समजावा. शब्दाच्या शेवटची अक्षरे पुष्कळदा मुकी असतात, म्हणून जाणकाराच्या तोंडून एकदा ऐकावे. आणि शब्द आले म्हणून वकिलाची गरज संपली, असे कोणी मानू नये. शब्द आल्याने वकिलाला योग्य प्रश्न विचारता येतो, हाच त्याचा लाभ.

शेवटी एका शब्दाचा इतिहास सांगून पुरे करतो. उद्योजकाला साऱ्या जगात ‘आँत्रप्रनर’ म्हणतात. हा शब्द फ्रेंच. रिशार काँतियोँ या लेखकाच्या 1755 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने त्याला अर्थशास्त्रात स्थान दिले. त्याची व्याख्या अशी की, जो ठरलेला खर्च आज करतो आणि उद्या कोणत्या भावाने विक्री होईल हे ज्याला ठाऊक नसते, तो आँत्रप्रनर. आणि पहिले उदाहरण त्याने कोणाचे घेतले असेल? शेतकऱ्याचे! खंड ठरलेला, पीक आणि भाव दैवाधीन. त्या हिशेबाने या मंडपात बसलेले बहुतेक सर्वजण, आणि शेताचा निम्मा भार वाहणाऱ्या भगिनीही, पिढ्यान्‌पिढ्या आँत्रप्रनर आहेत. धाडस आपल्याला कोणी शिकवावयास नको. कमतरता आहे ती कागद वाचण्याची.

म्हणून मंडळास माझी नम्र सूचना आहे की, मुलामुलींसाठी परभाषेतील व्यापारी शब्दांचा एक लहानसा वर्ग सुट्टीत चालवावा. फ्रेंचपासून आरंभ करावा, पुढे जेथे माल जाईल तेथील भाषा घ्यावी. आपली मुले ज्या दिवशी परदेशी बीजक स्वतः वाचून, पेन्सिलीने त्यावर खूण करून, मग सही करतील, त्या दिवशी या भाषणाचे सार्थक झाले असे मी समजेन.